निरोपाची वीट

बुजवे हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव होतं, चांगलं खणखणीत होतं, पण बंदराच्या भागात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पेशाने गवंडी, मात्र नवं घर बांधायला त्यांना कुणी बोलवत नसे. नकोशी झालेली दारं, खिडक्या, कमानी, जिने विटांनी बुजवायचे आणि वरून असा गिलावा फिरवायचा, की इथे कधीकाळी दार होतं हे घरातल्या पोरांना शपथेवर सांगूनही पटू नये, ही त्यांची खासियत. म्हणून बुजवे. त्यात स्वभावाने कमालीचे बुजरे. समोरून ओळखीचं माणूस येताना दिसलं की हे शेजारच्या दुकानाची पाटी मन लावून वाचायला लागत. त्यामुळे नाव दोन्ही अंगांनी चपखल बसलं, आणि एकदा चपखल बसलेलं नाव काढायला कुणाला सवड असते?

बंदरालगतच्या जुन्या इमारतींची बाहेरून येणाऱ्यांना भारी नवलाई. लोक समोरच्या फुटपाथवर उभे राहून माना वर करकरून बघत, फोटो काढत, दगडात कोरलेलं साल वाचत. बुजव्यांना त्यात काही राम वाटत नसे. इमारतीचा चेहरा सगळ्यांसाठीच असतो. खरी हकिकत तिच्या पोटात असते, आणि त्या पोटात तर ते हात घालून बसलेले. आगबोट कंपनीच्या कचेरीला पाण्याच्या बाजूने खिडक्यांची एक अख्खी ओळ होती. कारकून कामं सोडून जहाजं बघत बसतात म्हणून कुणा साहेबाने ती बुजवून टाकली होती. पुढे साहेबही गेला आणि कारकूनही गेले, तेव्हा बुजव्यांनी त्यातली एक खिडकी उघडली, तर आतल्या दगडी कठड्यावर कोपरं टेकून टेकून पडलेले दोन खळगे. कस्टमच्या इमारतीत एक जिना होता तो उतरत उतरत थेट जमिनीत जायचा. पूर्वी तिथे होड्या लागत. भराव घालून समुद्र मागे ढकलला, पण जिन्याला कुणी कळवायचं राहून गेलं. खलाशांच्या वसतिगृहात तर एका खोलीची सगळी दारं बुजवलेली. त्या खोलीत माणसं शिरायची कुठून, ह्या विचाराने मालकाचं डोकं फिरायची पाळी आली होती. बुजव्यांनी वर बोट केलं. छताला झडप होती.

दार बुजवायचं म्हणजे विटेवर वीट रचली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. बुजव्यांचे वडीलही गवंडीच. त्यांनी मुलाच्या हातात थापी देण्याआधी एक प्रश्न दिला होता, आणि तो मालकाला विचारल्याशिवाय पहिली वीट ठेवायची नाही अशी तंबी दिली होती. "कायमचं की तूर्तास?" कायमचं असेल तर जुन्या भिंतीच्या कडा फोडायच्या आणि नव्या विटा त्यांत दातांत दात अडकवल्यासारख्या बसवायच्या. जुनं-नवं एकजीव होतं, मग कुणाच्या बापाला सुटत नाही. तूर्तास असेल तर विटा चौकटीत नुसत्या रचायच्या, चुना बेताचा, आणि हाताच्या उंचीवर एक वीट आडवी न घालता उभी घालायची, किंचित बाहेर काढून. तिच्या मागे, भिंतीच्या दुसऱ्या पदरात म्हणजे मागच्या थरात, एक तुकडा, तोही सुटाच. पुढे कधी ते दार उघडायची वेळ आली तर येणाऱ्या गवंड्याने ती उभी वीट ओढायची. बाकीची भिंत मग आढेवेढे घेत नाही. गवंडी लोकांत तिला निरोपाची वीट म्हणत. निघालेल्या माणसाला देतात तोही निरोप, आणि मागाहून कुणाच्या हाती धाडतात तोही निरोप. ही वीट दोन्ही कामं करते, असं वडील म्हणत. गमतीने म्हणत की गंभीरपणे, हे त्यांच्या मिशांमुळे कधी कळलं नाही.

तर अशा ह्या माणसाच्या स्वतःच्या घरात एक बुजवलेलं दार होतं, आणि आयुष्यातली सगळी हुरहूर त्या एका दाराशी येऊन थांबली होती.

ते राहत ती इमारत मुळात जहाजांचे दोर वळायची जागा. दोर वळायला लांबच लांब जागा लागते, म्हणून वरचा मजला म्हणजे एक सलग दालन होतं. तो धंदा बसला तेव्हा मालकाने मधे भिंती घालून बिऱ्हाडं काढली. शेवटच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला दार होतं आणि ते सदा उघडं असे, कारण अलीकडे बुजव्यांचे वडील राहत आणि पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. अलीकडचा जिना रस्त्यावर उतरे, पलीकडचा मागच्या धक्क्यावर. काकांची मुलगी, ताई, बुजव्यांपेक्षा मोठी. दोघं त्या दाराच्या उंबरठ्यावर बसून तासन्‌तास खेळत. बुजवे तेव्हा वयाच्या मानाने ठेंगणे होते आणि ताई त्यांना बुटक्या म्हणायची.

काका बोटीवर खलाशी. आजी गेली तेव्हा त्यांची बोट परतीच्या वाटेवर होती, दुसऱ्या दिवशी लागायची होती. वडील थांबले नाहीत. का थांबले नाहीत ह्याची कारणं त्यांच्यापाशी होती, ती चांगलीही असतील. पण काका धक्क्यावर उतरून धावत जिना चढून आले तेव्हा आजीची खाट रिकामी होती आणि तिच्यावरचं अंथरूणसुद्धा धुऊन वाळत पडलं होतं. "तू मला आईचं तोंडही बघू दिलं नाहीस," एवढंच काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "हे दार बंद कर. तुझ्याच हाताने."

त्या दिवशी बुजव्यांना मामाकडे धाडलं होतं. परत आले तेव्हा दाराच्या जागी भिंत होती आणि तिच्यावरचा गिलावा अजून ओला होता. आईने पुढे कितीदा तरी सांगितलं, की तुझे वडील सकाळी घमेलं घेऊन त्या दारातून पलीकडे गेले, आणि दुपारी पाहते तर रस्त्याच्या जिन्याने वर येतायत, पाहुण्यासारखे, तोंडबिंड धुऊन. मग इकडच्या अंगाने गिलावा केला. "घरातून गेले आणि बाहेरून आले," असं ती म्हणायची. पुढे घरात ती म्हणच पडून गेली. एखादी वस्तू ठेवली एकीकडे आणि सापडली भलतीकडे, की आई म्हणे, घरातून गेली आणि बाहेरून आली. सगळे हसत. वडील मात्र हसत नसत.

बुजवे हाताखाली शिकतच होते तेवढ्यात वडील गेले. ते गेल्यावर काही दिवसांनी बुजव्यांनी छिन्नी घेतली आणि त्या भिंतीवरचा गिलावा हाताच्या उंचीवर, चौकटीच्या कडांना हात न लावता, पट्टीसारखा उडवला. निरोपाची वीट असेल तर आत्ताच ओढतो, काका मारतील तर मारू देत, असं ठरवूनच ते उभे होते. पट्टीतली एकूण एक वीट आडवी निघाली. पुन्हा पुन्हा हात फिरवून बघितलं. आडवीच. म्हणजे वडिलांनी स्वतःला तो प्रश्न विचारला होता आणि कायमचं असं उत्तर दिलं होतं. बापाने कायमचं बंद केलेलं दार पोराने कुठल्या तोंडाने उघडायचं? बुजव्यांनी गिलावा कालवला आणि पट्टी भरून टाकली. पहिल्यांदाच इतका साफ हात बसला होता, आणि कौतुक करायला कुणी नव्हतं.

त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी माणसं एकेक करून गेली. काका गेले, काकू गेली, आई गेली. बुजव्यांचं लग्न झालं, संसार झाला, पोरबाळ झालं नाही, आणि एका दुखण्यात बायकोही गेली. ताईने लग्नच केलं नाही. ती जहाजांची निशाणं शिवायची; धक्क्यावरचे दुकानदार रंगीत कापडांचे गठ्ठे आणून टाकत आणि तिचं पायमशीन दिवसभर चाले. काका गेले तेव्हा बुजवे खाली धक्क्यावर गर्दीच्या मागे उभे राहिले आणि वर गेले नाहीत. बायको गेली तेव्हा ताई खाली रस्त्यावर तशीच उभी होती. तीही वर आली नाही. त्यानंतर बरेच दिवस मशीन वाजलं नाही, हे बुजव्यांच्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊन काय उपयोग? अशी लक्षात आलेली गोष्ट ते नेऊन कुणाला सांगणार होते?

एकटेपण म्हणजे नेमकं काय, हे बुजव्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी बहुधा दुकानाची पाटी वाचायला घेतली असती. पण ते जेवायला नेहमी त्या भिंतीकडे तोंड करून बसत. ताट वाढून घेत आणि पलीकडचं मशीन सुरू होईपर्यंत पहिला घास घेत नसत. मशीनचा सूर ते ओळखायला शिकले होते: जाड कापड, पातळ कापड, सरळ टीप, वळणाची टीप. ह्यांना ठसका लागला की मशीन थांबे. ठसका गेला की पुन्हा सुरू होई. एवढाच काय तो दोघांचा संवाद. ताईने भिंतीपलीकडून एकदा बुटक्या म्हणून हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. एवढंच, पण ते मात्र अगदी जीव तोडून हवं होतं. स्वतःहून हाक मारायची त्यांची प्राज्ञा नव्हती. भिंत त्यांच्या वडिलांची होती. त्या बाजूने बोलावणं आल्याखेरीज इकडून तोंड उघडायचा हक्क आपल्याला नाही, असं ह्या भल्या गृहस्थाने मनाशी धरून ठेवलं होतं. माणसं एकेक काय धरून ठेवतात!

आणि मग इमारत विकली गेली. नवे मालक तिथे बंदराच्या इतिहासाचं संग्रहालय करणार होते. वरच्या मजल्यावरच्या मधल्या भिंती पाडून दोर वळायचं ते जुनं दालन पुन्हा होतं तसं सलग करायचं. भाडेकरूंना दुसरीकडे जागा मिळाल्या, कुणी मुलांकडे गेले, इमारत मजल्यामजल्याने रिकामी होत गेली. कामावर एक आर्किटेक्टबाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. वयाने तरुण, बोलायला मोकळ्या आणि कामाला वाघ. कुठे काय बुजवलं आहे हे दाखवायला त्यांनी बुजव्यांनाच हाताशी धरलं, आणि गंमत अशी की ह्या बाईंशी बोलताना बुजव्यांचा बुजरेपणा निम्मा कमी व्हायचा, कारण त्या माणसाकडे न बघता भिंतीकडे बघत बोलायच्या. दोघांचं छान जमलं.

एके दिवशी त्या पलीकडच्या खोलीची मापं घेऊन बुजव्यांकडे आल्या. बुजव्यांनी चहा टाकला. कप हातात घेऊन मॅडम मधल्या भिंतीकडे बघत सहज म्हणाल्या, "काका, ह्या भिंतीला तिकडून एक वीट उभी आहे, थोडी बाहेर आलेली. तिकडे गिलावाच नाहीये. तिकडच्या आजी तिच्यावर चष्मा ठेवतात. ते काय आहे?"

बुजव्यांनी कप खाली ठेवला. मग उचलला. मग परत ठेवला. घरातून गेले आणि बाहेरून आले. आई सगळं आयुष्य सांगत होती आणि ते सगळं आयुष्य हसत होते. वडील पलीकडे उभे राहून भिंत बांधत होते. गवंडी ज्या बाजूला उभा असतो त्याच बाजूला निरोपाची वीट येते. दुपदरी भिंतीत ती दुसऱ्या अंगाने दिसणारच नाही, हे कुठलाही गवंडी झोपेत सांगेल. बुजव्यांनी स्वतः अशी किती दारं बुजवली होती. पण माणूस स्वतःच्या घरात उभा राहून भिंत बांधतो, भावाच्या घरात नाही, असं गृहीत धरून ते इकडूनच शोधत राहिले होते. दार उघडायचा हक्क वडील धाकट्या भावाच्या हाती देऊन, त्याच्या जिन्याने उतरून, धक्क्यावरून वळसा घालून घरी आले होते. आणि पोराने त्याचा अर्थ कायमचं असा लावला होता.

मॅडमना त्यांनी एवढंच सांगितलं, की ती वीट जपा, ती गवंड्याची खूण असते. मॅडम समजूतदार; त्यांनी चहा संपवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बुजव्यांनी धुवट सदरा घातला. रस्त्याच्या जिन्याने उतरले, इमारतीला वळसा घालून धक्क्यावर आले आणि तो जिना चढायला लागले. लहानपणी तो किती उंच वाटायचा. वर ताईचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत गठ्ठे बांधून ठेवलेले होते. म्हणजे तीही निघालेली. बुजवे तिथे उभेच राहिले. पाटी वाचावी म्हटलं तर आसपास एक दुकान नव्हतं. शेवटी ते आत पाऊल टाकायला वाकले, आणि खाटेवर बसलेली ताई मान न वळवता म्हणाली, "बुटक्या, डोकं सांभाळ. चौकट खाली आहे."

तिने पावलं ओळखली होती. भिंतीपलीकडची पावलं आयुष्यभर ऐकल्यावर न ओळखायला काय झालं? बुजवे आता चांगले उंच होते, सहा फुटांना टेकलेले, पण ताईने शेवटची हाक मारली होती तेव्हा ते बुटके होते आणि तिच्याकडे दुसरं नाव नव्हतंच. त्यांना रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि मग त्यांनी तो सोडून दिला.

थोड्या वेळाने त्यांनी विटेकडे बोट केलं आणि विचारलं, की ही काय आहे हे तुला ठाऊक होतं का. ताईने डोळे किलकिले केले. ठाऊक होतं. भिंत बांधली तेव्हा ती तिथेच खाटेवर बसून होती. काका, म्हणजे तिचे बाबा, पाठ फिरवून खिडकीत उभे होते. थोरल्या काकांनी शेवटी ती वीट बसवली आणि तिच्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, तुझ्या बाबांचा राग उतरला की मला कळव, मी ही वीट काढतो. गिलावाही करणार होते, पण बाबा म्हणाले, झालं ना, आता जा. आणि बाबांचा राग काही उतरला नाही. त्यांना जमलं नाही म्हण हवं तर, असं ताई म्हणाली. मग थोरले काकाच गेले.

"मग मला का नाही हाक मारलीस?" बुजवे म्हणाले.

ताई मांडीवरच्या निशाणाची घडी घालत म्हणाली, "तू गवंडी. मला वाटलं, तुला काकांनी सांगितलंच असेल. आणि एकदा तू तिकडून ठोकायला लागलास. अगदी इथेच, विटेच्या मागे. मी पायाखालचं मशीन थांबवलं. विटेवरचं सगळं उचलून घेतलं आणि इथे उभी राहिले, म्हटलं, आता निघते वीट. मग ठोकणं थांबलं. आणि थापीचा आवाज आला. तू वरून गिलावा करत होतास." तिने घडी बाजूला ठेवली. "म्हटलं, बघितलं असेल त्याने आणि नको वाटलं असेल."

मग सांगितलं त्यांनी सगळं; आडव्या विटा, वडिलांचा प्रश्न, कायमचं, तूर्तास. बोलता बोलता स्वतःलाच ते इतकं येड्यासारखं वाटायला लागलं. छिन्नीचा एक घाव जास्त बसला असता तर मागचा सुटा तुकडा पलीकडे सरकला असता. ताई उगाच समजूत घालणाऱ्यांतली नव्हती. "आपण दोघंही मूर्ख," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

ताईला दुसऱ्या गावी तिच्या मावसबहिणीकडे जायचं होतं. दिवस थोडे उरले होते. दार उघडू का, बुजव्यांनी विचारलं. ताई म्हणाली, आता सगळं फोडून धूळ कशाला, ते लोक पाडणारच आहेत. एक वीट काढ, पुरे. बुजव्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. इतक्या वर्षांनीही ती कुरकुर न करता आली. तिच्या कडा चष्मा ठेवून ठेवून गुळगुळीत झाल्या होत्या. मागचा तुकडा काढला, आपल्या खोलीकडच्या गिलाव्याला चार ठोके दिले, आणि भिंतीला विटेएवढं भोक पडलं.

आणि मग एक अजब गोष्ट झाली. समोरासमोर बसलं की दोघांना बोलायला काही सुचेना. ताई निशाण शिवायला घेई, बुजवे जमिनीकडे बघत. पण बुजवे आपल्या खोलीत गेले आणि ती तिच्या खोलीत राहिली, की त्या भोकातून गप्पांना नुसता ऊत येई. आजी कशी खोकायची, मामाच्या घरचा कुत्रा, बुजव्यांच्या बायकोचा आवाज, जो ताईने फक्त ऐकला होता आणि तिला फार आवडायचा. तो कसा आवडायचा हे तिने दोनतीनदा सांगितलं आणि बुजव्यांनी दर वेळी नव्याने ऐकलं. ताई भोकातून सुई आणि दोऱ्याचं रीळ इकडे देई, बुजवे सुईत दोरा ओवून परत करत, कारण तिला आता बारीक दिसत नव्हतं. एवढी वर्षं तिला ओवून कोण देत होतं, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

निघायच्या दिवशी ताईने खाली गाडी येऊन थांबल्यावर भोकाशी तोंड आणलं. खाली ये निरोप द्यायला, असं ती म्हणाली नाही, आणि बुजवेही उतरले नाहीत. "वीट परत लावून ठेव," ती म्हणाली. "घर असं उघडं टाकून जाववत नाही. जाते रे, बुटक्या."

घर सोडताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणतात, मग यायचं असो वा नसो. ताईला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? येते म्हण, असं बुजव्यांना म्हणायचं होतं. जिन्यावर पावलं वाजली, गाडीचं दार लागलं. त्यांनी भोकातून बघितलं तर खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि मशीन होतं तिथे फरशीवर चार डाग. त्यांनी वीट हातात घेतली आणि चुन्याशिवाय, सुटीच, उभी करून भोकात सरकवली. त्या दिवशी ते जेवायला भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत. मग लक्षात आलं की दुसऱ्या कुठल्या दिशेला तोंड करून त्यांना जेवताच येत नाही.

भिंत पाडायला माणसं आली तेव्हा बुजव्यांनी आपलं सामान नव्या खोलीत हलवलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, काका, तुम्ही नका येऊ. तरी ते आले. मुकादमाने घण, पहारी सगळं जय्यत आणलं होतं. जुनी भिंत, वेळ खाईल, असं तो आपल्या माणसांना सांगत होता. बुजवे पुढे झाले आणि त्यांनी ती उभी वीट काढून घेतली. मग मुकादमाने पहार नुसती टेकवली आणि भिंत वरून खाली ओळीओळीने सुटत आली, आवाजसुद्धा फारसा न करता. कडांना एकही दात नव्हता. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जुना रंग तसाच होता.

"कसलं कच्चं काम हो हे," मुकादम म्हणाला. "हात लावायचा अवकाश, आलंच सगळं."

वडिलांच्या कामाला कुणी कच्चं म्हटलेलं बुजव्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. पण आज राग आला नाही. "कच्चं नाही," ते म्हणाले. "ते उघडायचंच होतं."

विटांच्या ढिगावरून पाय उचलून ते त्या दारातून पलीकडे गेले. लहानपणानंतर पहिल्यांदाच. ताईच्या रिकाम्या खोलीतून चालत गेले, धक्क्याच्या जिन्याने उतरले, इमारतीला वळसा घातला आणि सवयीने रस्त्याचा जिना चढून पुन्हा आपल्याच उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. हातात अजून ती वीट होती. घरातून गेले आणि बाहेरून आले, असं म्हणायला आई नव्हती, हसायला कुणी नव्हतं. समोर उघड्या दारातून जणू एकच एक लांब दालन, आणि शेवटी ताईच्या खिडकीतलं पाणी, जे त्यांना त्यांच्या दारातून मोठेपणी कधीच दिसलं नव्हतं.

मुकादमाने विचारलं, "काका, काही राहिलं का?"

बुजव्यांनी मान हलवली. "येतो," ते म्हणाले, आणि आले त्याच जिन्याने खाली उतरले.